पिकअपच्या सॉकेटवर कंप्रेसर पुन्हा पुन्हा बंद पडतो? फ्यूज बदलण्याआधी हे तपासा

कळंबोलीपासून घोडबंदरपर्यंतच्या पट्ट्यात मी पिकअप घेऊन जागेवर टायरची कामं करतो. रस्त्यावरचं पंक्चर, स्टेपनी बदलणं, सोसायटीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत हवा भरणं. या कामात हवा नसेल तर बाकीची सगळी हत्यारं निरुपयोगी. तरीही गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारा माझा कंप्रेसर दर दहा-पंधरा दिवसांनी मध्येच बंद पडायचा. फ्यूज बदलला की चालू, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

जुलैमधली एक रात्र मला विसरता येत नाही. उरण फाट्याजवळ धो-धो पाऊस, एका कुटुंबाची गाडी रस्त्याच्या कडेला, मागच्या सीटवर आजी आणि लहान मूल. टायरमध्ये 18 पीएसआय झाले आणि पंप गप्प झाला. माझ्याकडचा शेवटचा फ्यूज मी आदल्या दिवशीच वापरला होता. शेवटी पायपंप मारून 25 पर्यंत हवा भरली आणि त्यांना जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत सोबत केली. त्यानंतर मी हा त्रास मुळापासून शोधायचं ठरवलं. जे सापडलं ते सगळं इथे लिहितोय, कारण पिकअपवर कंप्रेसर चालवणाऱ्या बऱ्याच जणांना याच जागी अडकलेलं मी पाहिलंय.

आधी माझी सर्वांत मोठी चूक सांगतो. एका गॅरेजमध्ये मी तक्रार केली तेव्हा तिथल्या माणसाने 15 अँपिअरचा निळा फ्यूज काढून 30 अँपिअरचा हिरवा बसवून दिला. "आता जाणार नाही," म्हणाला. फ्यूज खरंच गेला नाही. पण तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डमागून गरम प्लास्टिकचा वास आला. पॅनल उघडलं तर सॉकेटच्या मागच्या वायरचं आवरण मऊ होऊन शेजारच्या वायरीला चिकटलं होतं. फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी. कंपनीने सॉकेटपर्यंत जी बारीक वायर टाकलेली असते, तिला झेपेल तेवढाच फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेला असतो. लाल म्हणजे 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. त्या जागेवर जास्त आकड्याचा फ्यूज घातला की वितळायची पाळी वायरीवर येते. तुम्ही असं केलं असेल तर पुढचं वाचण्याआधी तो फ्यूज काढा.

सॉकेट मुळात किती देतो

15 अँपिअर गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 180 वॅट. पण फ्यूज त्याच्या आकड्याइतका करंट सतत वाहून नेण्यासाठी बनवलेला नसतो. साधारण पाऊण भाग धरावा, म्हणजे 15 च्या फ्यूजवर सलग 11 अँपिअरच्या आसपास. डॅशबोर्डच्या उन्हाने तापलेल्या कोपऱ्यात तर त्याहूनही कमी. एका सिलिंडरचा छोटा पंप 10 ते 12 अँपिअर घेतो, म्हणजे तो आधीच काठावर चालतोय. दोन सिलिंडरचे पंप 25 अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतात. म्हणूनच त्यांच्यासोबत बॅटरीला लावायच्या क्लिपा येतात. त्या क्लिपा कापून सॉकेटची पिन जोडणारे लोक मी पाहिलेत. तसा पंप सॉकेटवर चालायचाच नाही, त्यात फ्यूजचा काही दोष नाही.

माझा पंप एका सिलिंडरचा होता, 12 अँपिअरवाला. तोही नवा असताना नीट चालला, मग चालेना. काठावर चालणाऱ्या गोष्टीला थोडासा धक्का पुरतो. तो धक्का कुठून येत होता, हेच शोधायचं होतं.

मीटर कुठे लावायचा

तुर्भ्याला ट्रकांची वायरिंग करणारे एक मामा आहेत, चाळीस वर्षं हेच काम. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी फ्यूजकडे पाहिलंही नाही. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) काढला आणि म्हणाले, "पंप चालू कर आणि टायरला लाव. रिकामा चालवून काही कळायचं नाही." हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं. लोड नसताना सॉकेटवर 12.6 व्होल्ट दिसतात आणि माणूस समाधानाने मीटर बंद करतो. बिघाड दिसतो तो करंट वाहत असताना.

इंजिन चालू ठेवून, पंप टायरवर दाबाने चालत असताना त्यांनी आधी बॅटरीच्या खांबांवर मोजलं: 13.9 व्होल्ट. मग पंपाची पिन थोडी उघडून पंपाच्या अंगाशी मोजलं: 11.4. म्हणजे बॅटरीपासून पंपापर्यंत अडीच व्होल्ट वाटेतच संपत होते. मग मामांनी ते अडीच व्होल्ट कुठे जातात ते तुकड्या-तुकड्याने शोधलं. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक सॉकेटच्या बाहेरच्या धातूच्या कडीवर. तिथे 0.2 च्या आत यायला हवं होतं. आलं 1.1.

सॉकेटची अर्थ (निगेटिव्ह) वायर डाव्या बाजूच्या पायाजवळच्या पॅनलमागे बॉडीला एका बोल्टने जोडलेली होती. पॅनल काढलं तेव्हा तो बोल्ट गंजून काळा पडला होता आणि थिंबलखाली (वायरीच्या टोकाला लावलेला धातूचा तुकडा) तांब्यावर हिरवी पूड साचली होती. बोटाने चोळली की निघायची. खाडीकाठची खारी हवा, चार महिने पाऊस आणि ओल्या बुटांचं पाणी नेमकं याच कोपऱ्यात जमतं. ऐरोली, वाशी, कळवा, कोलशेत, खाडीच्या जवळ जी गाडी रात्री उभी राहते तिची ही जागा बघाच.

बोल्ट काढला, बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला, नवं थिंबल क्रिंप केलं (दाबून बसवलं), घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं तर 0.2.

उरलेल्या व्होल्टेजपैकी मोठा वाटा पिनमध्येच होता. लायटर सॉकेटची रचनाच मुळी सिगारेट पेटवण्यापुरती, काही सेकंदांच्या वापरासाठी झालेली आहे. पिनेच्या टोकाचा बटणासारखा धातू आतल्या पत्र्याला स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. माझ्या पिनेचं टोक जांभळट काळं झालं होतं आणि स्प्रिंग तापून तापून ढिली पडली होती. टोकाची गोल टोपी हाताने फिरवून निघते. आत एक छोटा काचेचा फ्यूजही असतो, तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. गाडीचा फ्यूज शाबूत आणि तरी पंप मेलेला असेल, तर आधी ही टोपी उघडा. माझ्या बाबतीत काचेचा फ्यूज शाबूत होता, पण त्याच्या दोन्ही टोकांवर काळा थर होता.

व्होल्टेज कमी पडलं तर करंटही कमी व्हायला हवा, मग फ्यूज का जातो, हा प्रश्न मलाही पडला होता. पंपाला टायरमधल्या दाबाविरुद्ध तेवढाच जोर लावावा लागतो, आणि डीसी मोटरचा करंट त्या जोराप्रमाणे ठरतो. व्होल्टेज घटलं की मोटर हळू फिरते, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त वेळ लागतो. तोवर मोटर, पिन, फ्यूज सगळे तापत राहतात. दाब वाढत गेला की एका क्षणी मोटर अडखळते, आणि अडखळलेली मोटर चालत्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्यूज तिथे जातो. माझा पंप नेहमी 18 ते 22 पीएसआयच्या मध्येच का मरायचा, याचं उत्तर हेच होतं.

एक वेगळं लक्षण इथेच सांगतो. पंप चार-पाच मिनिटं चालून बंद पडतो, फ्यूज गेलेला नसतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप पुन्हा चालतो, असं होत असेल तर तो आतला थर्मल कटआउट, म्हणजे पंप तापला की बंद करणारा स्विच आहे. छोटे पंप सलग चालवायला बनलेले नसतात. पंपावर किंवा डब्यावर सलग किती मिनिटं चालवायचा ते लिहिलेलं असतं, बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटं. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर ठेवला तर तितकाही चालत नाही. खाली लाकडी फळी ठेवा.

मोठ्या पंपाला थेट बॅटरीवरून वायर

सॉकेट दुरुस्त झाला तरी मला कामाला तो पंप अपुराच होता. म्हणून दोन सिलिंडरचा 12 व्होल्टचा पंप घेतला आणि त्याला बॅटरीवरून स्वतंत्र वायर टाकली. यात एकच गोष्ट जिवावर बेतणारी आहे: फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून जास्तीत जास्त वीतभर अंतरावर हवा. फ्यूज मागे पंपाजवळ बसवला आणि मधली वायर चॅसीच्या धारेवर घासून कापली गेली, तर पूर्ण बॅटरी त्या वायरीतून शॉर्ट होते. फ्यूजला ते कळतही नाही.

वायरीच्या जाडीचा हिशोब सोपा आहे. बॉनेटपासून मागच्या हौद्यापर्यंत चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ. अडीचच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याच्या वायरीतून 30 अँपिअर नेले तर जवळपास 1.7 व्होल्ट वाटेत जातात. दहाच्या वायरीत तेच 0.4 होतात. मुंबईच्या लोहार चाळीतून दहाची लवचीक तांब्याची वायर आणली, 40 अँपिअरचा फ्यूज, क्रिंप केलेली थिंबलं, आणि चॅसीजवळून जाते तिथे सगळीकडे कॉरुगेटेड पाइप. स्वस्त वायर घेताना टोक खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर आत पांढरं दिसतं, आणि तिचा रेझिस्टन्स तांब्याहून बराच जास्त असतो.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर छोटा सेन्सर असतो. तसा असेल तर तुमची निगेटिव्ह वायर खांबावर लावू नका, बॉडीच्या चांगल्या अर्थ पॉइंटवर लावा. नाहीतर पंपाने किती करंट घेतला ते गाडीला मोजता येत नाही आणि चार्जिंग चुकतं.

230 व्होल्टचा कंप्रेसर इन्व्हर्टरवर

परदेशी पिकअपचे व्हिडिओ दाखवून मला बरेच जण विचारतात, "दादा, त्यांच्या हौद्यात घरासारखा प्लग असतो, आपल्याला का जमत नाही?" फोर्डच्या एफ-150 मध्ये 2021 पासून 2 किलोवॅट, हायब्रिडमध्ये 2.4 आणि जास्तीत जास्त 7.2 किलोवॅटपर्यंतचा पुरवठा मिळतो, तोही तिकडच्या 60 हर्ट्झचा, 120 व्होल्टवर, आणि 7.2 वाल्यात 240 व्होल्टवरही. त्यासाठी गाडीत तेवढी यंत्रणा मुळातून बसवलेली असते. तिकडच्याच इतर काही पिकअपमध्ये 400 वॅटचा प्लग असतो आणि त्यावर सुताराचा छोटा कंप्रेसरही उठत नाही. आपल्याकडच्या साध्या पिकअपमध्ये फक्त 12 व्होल्ट. म्हणजे मधे 12 चे 230 व्होल्ट करणारा इन्व्हर्टर आला.

मी 1 एचपीचा 24 लिटर टाकीचा कंप्रेसर 2000 वॅटच्या इन्व्हर्टरवर लावला होता. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, मग 2000 भरपूर झाले, असा माझा समज. प्रत्यक्षात 746 हे मोटर बाहेर देते ते. आत ती 1100 च्या आसपास घेते, आणि सुरू होण्याच्या क्षणी चालू करंटच्या पाच ते सात पट. माझा इन्व्हर्टर कधी उचलायचा, कधी किंचाळून ट्रिप व्हायचा.

त्यात एक ठरावीकपणा होता, तो लक्षात यायला मला महिना लागला. सकाळी पहिल्यांदा कंप्रेसर बिनतक्रार सुरू व्हायचा. टाकी 8 किलो दाबाला (साधारण 115 पीएसआय) भरून बंद व्हायचा. हवा वापरून दाब 5 वर आला की प्रेशर स्विच त्याला पुन्हा चालू करायचा, आणि नेमकं तेव्हा ट्रिप. मी बॅटरी बदलली, केबल बदलली. पुतण्याने एक दिवस विचारलं, "काका, आपला कंप्रेसर बंद होताना फुस्स करत नाही. दुकानातला करतो ना?"

तिथेच होतं सगळं. कंप्रेसर बंद झाला की प्रेशर स्विचखालची छोटी सुई हेडमधली (पिस्टनच्या डोक्यावरची) अडकलेली हवा सोडून देते, त्याचाच तो दोन सेकंदांचा फुस्स. त्यामुळे पुढच्या वेळी पिस्टन रिकाम्या डोक्याने सुरू होतो. माझ्या कंप्रेसरमध्ये ती सुई गंजून अडकली होती. मोटरला दर वेळी कोंडलेल्या दाबाविरुद्ध उठावं लागत होतं. घरच्या विजेवर ती कशीबशी उठायची, इन्व्हर्टरवर नाही. सुई साफ केली, आणि तोच इन्व्हर्टर तोच कंप्रेसर दुसऱ्यांदाही उचलू लागला.

तुमच्याकडे हे असंच आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. टाकीखालचा ड्रेन उघडून पूर्ण रिकामी करा आणि चालू करा. रिकाम्या टाकीवर उठतो आणि 5 किलोवर उठत नाही, तर हेडमधला दाब सुटत नाहीये किंवा मोटरचा कपॅसिटर कमजोर झालाय. कपॅसिटर फुगलेला दिसला तर बदलाच. हात लावण्याआधी प्लग काढून तो डिस्चार्ज करून घ्या, जोरदार झटका बसतो. कंप्रेसर बंद झाल्यावर फुस्स थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय, टाकीतली हवा उलटी येतेय. आणि रिकाम्या टाकीवरही उठत नसेल, तर मग इन्व्हर्टर आणि केबलकडे वळा.

केबलच्या बाबतीत मी उलटं करून बसलो होतो. इन्व्हर्टर मागे हौद्यात कंप्रेसरशेजारी, आणि बॅटरीपासून तिथपर्यंत सोळाची लांब केबल. 1100 वॅटसाठी 12 व्होल्टच्या बाजूने शंभर अँपिअरच्या घरात करंट जातो, सुरू होताना त्याच्या काही पट. तेव्हा केबलमध्येच दोनेक व्होल्ट पडतात आणि इन्व्हर्टरला साडेदहाच्या खाली दिसलं की तो बंद होतो. बॅटरी मात्र ठणठणीत असते. इन्व्हर्टर पुढे बॅटरीजवळ, कोरड्या जागी आणा. मग 12 व्होल्टची जाड केबल हातभर पुरते, आणि मागे फक्त 230 ची साधी अडीचची तीन कोअर केबल जाते, कारण तिथे करंट पाच-सहा अँपिअरच असतो.

नवीन घेणाऱ्याला मी 1 एचपीसाठी 3000 वॅटचा प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारखी लहर देणारा) सांगेन. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर इंडक्शन मोटर गुरगुरते आणि तापते.

इंजिन चालू ठेवल्याशिवाय हे चालवू नका. 80 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर शंभर अँपिअरचा लोड कागदावर 48 मिनिटं दिसतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळतात, आणि सेल्फ मारायच्या बॅटरीला असं खाली उतरवलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. शिवाय आयडलवर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) त्याच्या पूर्ण आकड्याइतका देत नाही, जरा रेस वाढवावी लागते. घोडबंदरच्या टॉवरांत बेसमेंट पार्किंगमध्ये बोलावणं आलं तर मी गाडी रॅम्पवर उघड्यावर ठेवतो आणि लांब नळी टाकतो. बंद बेसमेंटमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं म्हणजे आपल्यासकट वॉचमनचाही जीव धोक्यात घालणं.

पावसात मी 230 व्होल्ट बाहेर काढणं पूर्ण बंद केलंय. ओल्या रस्त्यावर, ओल्या हातांनी, मग कितीही चांगला इन्व्हर्टर असो.

सध्या माझ्याकडे दोन सिलिंडरचा 12 व्होल्टचा पंप आहे आणि तो 24 लिटरच्या टाकीला जोडलाय. रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि प्रेशर स्विच मधे, टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह. एका कामावरून दुसऱ्याकडे जाताना, इंजिन चालू असताना, टाकी 8 किलोला भरून राहते. 8 वरून 3 पर्यंत यायला साधारण 120 लिटर हवा मिळते, आणि पूर्ण बसलेल्या कारच्या टायरला 32 पीएसआयपर्यंत सत्तर-पंचाहत्तर लिटर लागते. पोचल्या पोचल्या एक टायर उभा राहतो, दुसऱ्याला पंप हातभार लावतो. पावसाळ्यात टाकीत रोज पाणी साचतं, ते रात्री ड्रेन उघडून काढतो.

कळंबोलीला किंवा जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर मोठ्या ट्रकवाल्याने "माझ्या बॅटरीवर लाव" म्हटलं तरी लावू नका, त्यांना 24 व्होल्ट असतात आणि 12 चा पंप जळू शकतो.

आणि वायरमनकडे जाल तेव्हा "फ्यूज जातो" एवढंच सांगू नका. पंप टायरवर दाबाने चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट, पंपाशी किती, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून सॉकेटच्या कडीपर्यंत किती, हे तीन आकडे कागदावर लिहून न्या. साडेतीनशे-चारशे रुपयांचा मीटर पुरतो.